डागडुजीचा खर्च जुलैत, पैसा मात्र दिवाळीत

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या व इतर वृत्तपत्रांच्या कोकण आवृत्तीत एक छायाचित्र हमखास प्रसिद्ध होते. टेकूंवर उभी केलेली नौका, तिच्या पोटाशी उकिडवा बसून ब्रश फिरवणारा खलाशी, आणि खाली ओळ असते, 'नव्या हंगामासाठी नौकांच्या डागडुजीची लगबग'. छायाचित्रात खोटे काही नसते. मात्र त्या ब्रशाखालचा रंग कोणाच्या पैशाने आला, तो किती पातळ केलेला आहे आणि ज्या फळीवर तो चढतो आहे ती आतून वाळली आहे की नाही, हे त्यात दिसत नाही. आणि पुढच्या दहा महिन्यांचा सगळा हिशेब तर याच तीन गोष्टींवर ठरतो. मी दापोली तालुक्यातील पाज पंढरीचा, 31 वर्षे नौकामालक आहे. त्या अनुभवातून डागडुजीतल्या काटकसरीबद्दल काही लिहावेसे वाटले, कारण काटकसर आम्ही सगळेच करतो, पण ती बहुधा चुकीच्या जागी करतो, आणि तशी ती करावी लागण्याचे कारण आमच्या अडाणीपणापेक्षा पैशाच्या वेळापत्रकात अधिक आहे.

आधी हे वेळापत्रकच सांगतो. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ही बंदी योग्य आहे. माशांच्या विणीचा तो काळ आहे आणि तसाही त्या दिवसांत दर्यात जाण्यात शहाणपण नाही. हर्णैचा किनारा उघड्या समुद्राचा असल्यामुळे मे संपता संपता आमच्याकडील नौका आंजर्ल्याच्या खाडीत नेऊन, वर घेऊन, शाकारल्या म्हणजे आच्छादून ठेवल्या जातात. मिळकत त्या दिवशी थांबते. खर्च मात्र त्याच दिवशी सुरू होतो, कारण नौका वर घेण्याची मजुरी, टेकू, आच्छादन, सुताराची रोजी, रंग, फायबरचा थर बसवायचे रेझीन, खिळे, इंजिनाचे सुटे भाग, जाळ्यांचा दोरा, परवान्याचे व विम्याचे पैसे, आणि जुलैच्या अखेरीस खलाशांना द्यायची उचल, हे सारे त्याच दोन महिन्यांत येते. खलाशी गावाकडे गेलेले असतात, आमच्या पट्ट्यात तर पुष्कळ जण नेपाळचे आहेत, आणि उचल पाठवल्याशिवाय ते परत येण्याची शाश्वती नसते. म्हणजे वर्षातला सर्वांत मोठा एकरकमी खर्च वर्षातल्या सर्वांत रिकाम्या खिशातून करायचा असतो. 2025 साली तर पाऊस मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यातच कोसळू लागल्याने हंगामाचे शेवटचे दिवस हातचे गेले. त्या दिवसांची मिळकत बुडालीच, पण लाकूड वाळायला जे कोरडे ऊन मिळते तेही मिळाले नाही. हे दुसरे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

अशा वेळी माणूस जिथे दिसत नाही तिथे हात आखडतो. पाण्यावरचा भाग चकचकीत रंगवला जातो, नाव नव्या अक्षरांत लिहिले जाते, नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, हार चढतो. आणि पाण्याखालच्या भागाला एकाच हाताचा पातळ रंग लागतो. नारळी पौर्णिमेला नौका नटलेली असावी याबद्दल माझे दुमत नाही, माझीही नटते. परंतु पैसे कमी पडत असतील तर ते वरच्या रंगात कमी पडावेत, खालच्या नव्हे.

पाण्याखालच्या रंगाचे गणित साधे आहे. माझी नौका 42 फुटांची आहे आणि तिचा पाण्याखालचा भाग सुमारे 40 चौरस मीटर भरतो. तळाला शिंपले व शेवाळ धरू नये म्हणून जो तांब्याचा अंश असलेला रंग मिळतो, तो लिटरला साधारण 8 चौरस मीटर पुरतो, म्हणजे एका हाताला 5 लिटर आणि दोन हातांना 10 लिटर. थिनर ओतून तो 6 लिटरमध्ये भागवणारे मी पाहिले आहेत आणि तरुणपणी मीही ते केले आहे. रंग तेव्हाही काळाभोरच दिसतो. पण त्यातला तांब्याचा अंश पसरून विरळ झालेला असतो, आणि कार्तिकात तळाला हात लावला तर खवल्यासारखे शिंपले लागतात. तसा तळ घेऊन नौका चालवली की इंजिन जास्त ओढते आणि वेग मात्र पडतो. डिझेल आज लिटरला 90 रुपयांच्या आसपास आहे आणि मासेमारीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. त्यामुळे वाचवलेल्या 4 लिटर रंगाचे पैसे पहिल्या काही फेऱ्यांतच धुराड्यातून निघून जातात.

रंगात खरी बचत करायची तर ती वेगळ्या रीतीने होते, आणि तिला पैसा लागत नाही. नौका वर आली की त्याच भरतीला, तळ ओला असतानाच, सगळ्यांनी मिळून खरवडून गोड्या पाण्याने धुवावा. ओले शिंपले लाकडी उलथन्याने निघतात. तेच दोन दिवस उन्हात वाळले की सिमेंटसारखे घट्ट बसतात, मग छिन्नी लागते, छिन्नीने जुना चांगला रंगही निघतो, कधी फळीला खाचा पडतात, आणि त्या भरायला पुन्हा लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, आणि मजुरी लागते. दुसरी रीत माझ्या वडिलांची आहे. ते पहिला हात लाल रंगाचा द्यायचे आणि दुसरा काळ्याचा. वर्षाने नौका वर आली की जिथे लाल दिसू लागले तिथे रंग झिजला हे लगेच कळते, आणि जिथे काळा शाबूत आहे तिथे एकच हात पुरतो. पाण्याच्या रेषेवर, सुकाणूवर आणि तळकण्यावर रंग नेहमी आधी झिजतो. तिथे तिसरा हात द्यावा आणि बाकी ठिकाणी हात आवरावा. या एका सवयीने माझे दर वर्षी दोनेक लिटर वाचतात. आणि हा रंग नौका पाण्यात लोटण्याच्या आधीच्या दिवसांतच लावावा. जूनमध्ये लावून ठेवला तर आमच्याकडे मिळणाऱ्या साध्या प्रकारच्या रंगाचा जोर हवेतच ओसरतो, हे पुष्कळांना दुकानदार सांगत नाही.

आता लाकडाविषयी. पूर्वी नौका शाकारायची म्हणजे तिच्यावर नारळाच्या झापांचा मांडव घालायचा. आता झाप विणणारे हात कमी झाले आणि प्लास्टिकचा कागद स्वस्त झाला, म्हणून नौका काठापासून काठापर्यंत प्लास्टिकमध्ये आवळून बांधली जाते. पाऊस आत जात नाही हे खरे, पण आतली वाफही बाहेर जात नाही; सकाळी कागद उचलला तर आतून थेंब ठिबकताना दिसतात, आणि ऑगस्टमध्ये तक्तपोशीच्या फळ्यांच्या टोकांना बुरशीचा वास येतो. कागद वापरायचाच तर त्याखाली बांबूचा आढा उभा करून दोन्ही टोके मोकळी ठेवावीत, म्हणजे वारा खेळतो. बांबू शेजारच्याच्या परड्यातून मिळतात. मी अजून नाळेकडच्या भागावर झापच घालतो. लोक मला त्यावरून हसतात.

लाकूड पोखरणारा जो किडा आहे, जो दिसायला किडा असला तरी जातीने शिंपल्याच्या कुळातला आहे, त्याचे बाहेरचे भोक टाचणीच्या डोक्याएवढे असते आणि आत मात्र करंगळीएवढा बोगदा गेलेला असतो, त्याला आतून चुन्याचे पांढरे अस्तर असते. डोळ्यांनी पाहून तो सापडत नाही. हातोडीने फळीवर हळू हळू ठोकत गेले पाहिजे. निकोप सागवान टणक वाजते आणि पोखरलेली फळी भोपळ्यासारखी बोलते. माझ्याकडचा वयस्क सुतार ठोकताना बोलू देत नसे, रेडिओ बंद करायला लावी. अशी एक फळी वेळीच बदलली तर दोन दिवसांचे काम असते आणि राहू दिली तर शेजारच्या दोन फळ्या आणि एक वाक, म्हणजे नौकेची बरगडी, घेऊन जाते. हा किडा गोड्या पाण्यात आणि कोरड्यात जगत नाही, त्यामुळे दोन महिने नौका पाण्याबाहेर ठेवणे हेच त्यावरचे सर्वांत स्वस्त औषध आहे. जे नौका खाडीत तरंगतीच ठेवून मजुरी वाचवतात त्यांनी हे लक्षात घ्यावे.

फळ्यांच्या सांध्यांत कापसाची वात ठोकून वर लांबी भरतात, तेव्हाही एक मोह होतो. उन्हाने सांधे उघडलेले असतात, म्हणून ते गच्च भरले जातात. पण लाकूड पाण्यात गेल्यावर फुगते, भरलेल्या सांध्याला जागा उरत नाही, लांबी बाहेर फेकली जाते आणि कधी कधी खिळे सैल होतात. वात माफक ठोकावी, लांबी काठोकाठ न भरता थोडी आत राहू द्यावी, आणि नौका पाण्यात गेल्यावर पहिली एक-दोन भरती तिला तशीच भिजत ठेवावी. त्या वेळी थोडे पाणी आत येतेच. नवखा मालक घाबरून पुन्हा नौका वर घेतो आणि दुप्पट मजुरी देतो.

खिळ्यांची गोष्ट मात्र मला स्वतःवरून सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी जुलैत हातात रोख नव्हती. एका दुकानातून गॅल्वनाइझचे म्हणून सांगितलेले खिळे मी उधारीवर आणि इतरांपेक्षा कमी भावात घेतले. सगळ्या कामात मिळून 1,800 रुपये वाचले म्हणून मी खूशही होतो. ते खिळे चांदीसारखे चमकत होते. तिथेच मला कळायला हवे होते, कारण वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला खिळा राखाडी, मंद आणि हाताला खरखरीत लागतो, चमकत नाही. चमकतो तो विजेच्या प्रक्रियेने जस्ताचा पापुद्रा चढवलेला, आणि तो पापुद्रा खाऱ्या पाण्यात काही महिनेही टिकत नाही. दिवाळीच्या सुमारास डाव्या बाजूला, रंगातून खाली ओघळलेल्या तपकिरी रेघा दिसू लागल्या. आठ दिवसांनी जाळे ओढताना तांडेलाने, म्हणजे नौका चालवणाऱ्या म्होरक्याने, हाक मारली की तळातले पाणी पंपाला ऐकत नाही. आम्ही जाळे अर्धवट ओढून, तेवढी मासळी सोडून, आंजर्ल्याच्या खाडीत परत आलो. वर घेऊन पाहिले तर एका फळीचे सात खिळे मानेपाशी झिजून काडीएवढे झाले होते. नोव्हेंबरचे नऊ दिवस नौका कोरड्यात होती. त्या नऊ दिवसांत सहा खलाशांचे जेवण चालू होते, त्यांची मजुरी चालू होती, सुताराला हंगामाच्या मध्यात काम टाकून बोलावल्याबद्दल जादा द्यावे लागले, आणि मासळी मात्र शेजाऱ्यांच्या टोपल्यांत जात होती. 1,800 रुपयांचा हिशेब मी वहीत अजून तसाच ठेवला आहे. तेव्हापासून खिळे घेताना मी एक खिळा कानशीने घासून पाहतो आणि एक पक्कडीत वाकवून पाहतो. पापुद्रा उडाला तर दुकान बदलतो.

पंखा (प्रोपेलर) फिरवणारा शाफ्ट जिथून नौकेबाहेर जातो त्या ग्लँडची पाणी अडवणारी दोरी, शाफ्टावरचा जस्ताचा ठोकळा, तळातील पाणी उपसणारा पंप आणि त्याची वायर, सुकाणूच्या पिना, लाइफ जॅकेट: ही सगळी थोड्या पैशांची आणि नजरेआड राहणारी सामग्री आहे, आणि बहुतेक अपघातांची सुरुवात तिच्यापासून होते असे माझे निरीक्षण आहे. ग्लँडची दोरी जुनीच पिळून बसवायची आणि पाणी येऊ लागले की नट आवळत जायचे, ही आमच्याकडची सवय. आवळल्याने पाणी थांबते, पण शाफ्ट तापून त्याला खाच पडते, आणि मग दोरीऐवजी शाफ्ट बदलावा लागतो. शाफ्ट फिरत असताना ग्लँडमधून मिनिटाला दोन-चार थेंब पडलेच पाहिजेत. तेच त्याचे वंगण आणि तोच त्याचा थंडावा. जस्ताचा ठोकळा अर्धा झिजला की बदलावा, आणि त्याच्यावर रंग मारू नये. तो स्वतः झिजतो म्हणून पंखा आणि शाफ्ट वाचतो, आणि रंगवला की त्याचे कामच बंद पडते. दर वर्षी कोणीतरी हौशी मुलगा ब्रश फिरवताना त्यालाही रंगवून टाकतो.

फायबरच्या कामाबद्दल थोडे. आता बहुतेक लाकडी नौकांवर फायबरचा थर चढवतात आणि नव्या नौका तर पूर्ण फायबरच्याच येतात. पावसाळ्यातली दमट हवा या कामाची वैरीण आहे. ओल्या लाकडावर चढवलेला थर वरून कितीही गुळगुळीत दिसला तरी आत पाणी कोंडतो, आणि ते लाकूड मग कोणाच्याही नजरेस न पडता कुजत राहते. उघडीप मिळेपर्यंत थांबणे हीच यातली काटकसर. पण हंगाम तोंडावर आला की थांबवत नाही, आणि मग रेझीन लवकर सुकावे म्हणून हार्डनर जास्त ओतले जाते. त्याने थर ठिसूळ होतो, तापतो, आणि डब्यात राहिलेले मिश्रण पेटूही शकते. हार्डनर आणि कोबाल्ट हे रेझीन सुकवणारे दोन द्रव कधीही एकमेकांत थेट मिसळू नयेत, त्याने स्फोट होऊ शकतो; रेझीनमध्ये आधी एक नीट ढवळून मग दुसरे घालायचे असते. हे काम आज ज्या मुलांकडून करून घेतले जाते त्यांना हे कोणीतरी सांगितलेले असावे. उरलेले रेझीन पुढच्या वर्षासाठी जपून ठेवण्यातही अर्थ नाही. आमच्या उन्हाळ्यात ते डब्यातच घट्ट होते, त्यामुळे चौघांनी मिळून हवे तेवढेच आणावे.

इंजिनाच्या बाबतीत एकच सांगतो, कारण बाकीचे मेकॅनिक जाणतो. तेल नौका वर घेताना बदलावे, पाण्यात लोटताना नव्हे. वापरलेल्या तेलात आम्ल तयार झालेले असते आणि ते दोन महिने धातूवर बसून राहते. खर्च दोन्ही वेळा तितकाच येतो. आठवड्यातून एकदा इंजिन हाताने फिरवावे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा अडकून बसत नाहीत. पावसात खाडीवर जायचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे, मलाही येतो.

जाळ्यांवर आमच्या घरातल्या बायका जे काम करतात त्याचा हिशेब डागडुजीच्या खर्चात कधी धरला जात नाही. जून-जुलैत ओसरीवर बसून फाटलेले जाळे शिवणे, जुन्या जाळ्याचे बोये आणि शिशाच्या गोळ्या सोडवून नव्याला बांधणे, दोराची कुजलेली टोके कापून मधला चांगला भाग जोडणे, यातून जेवढे पैसे वाचतात तेवढे इतर कशातूनही वाचत नाहीत. फक्त नांगराच्या आणि ओढण्याच्या दोराला जोड देऊ नये; तो दोर ज्या दिवशी लागतो त्या दिवशी दुसरी संधी नसते.

इथवर लिहिले ते आमच्या हातातले. पण खिळे उधारीवर घेणारा मी एकटा नाही, आणि उधारी हीच डागडुजीतली सर्वांत महाग वस्तू आहे. जुलैत रोख नसल्यामुळे रंग, दोर, डिझेल हे सगळे एकतर दुकानातून चढ्या भावाने येते, किंवा मासळी घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून आगाऊ पैसे उचलून येते. दुकानात उधारीचा भाव डब्यामागे 300 रुपयांनी जास्त लावलेला मी माझ्या वहीत नोंदवून ठेवला आहे. व्यापाऱ्याची उचल त्याहून अवघड, कारण तिचे व्याज कागदावर नसते; ती घेतल्यावर हंगामभर मासळी त्यालाच द्यायची असते आणि लिलावात शेजारच्या टोपलीला मिळणारा भाव आपल्या टोपलीला मिळत नाही. मी व्यापाऱ्याला दोष देत नाही. तो पैसे देतो म्हणून निदान नौका पाण्यात तरी जाते. प्रश्न असा आहे की आमचे स्वतःचे पैसे त्या वेळी कुठे असतात.

त्यातले बरेचसे डिझेल परताव्यात अडकलेले असतात. मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत घेतलेल्या डिझेलवरचा मूल्यवर्धित कर राज्य शासन परत करते, ही चांगली योजना आहे आणि ती नसती तर आमच्यापैकी पुष्कळांनी नौका विकल्या असत्या. पण हा परतावा केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. मला एकदा तो दिवाळीनंतर मिळाला आणि एकदा पुढच्या वर्षीच्या शिमग्याला. तेवढाच पैसा मे महिन्याच्या अखेरीस मिळाला, तर शासनाचा एक रुपयाही जास्त खर्च न होता आमचा रंग, खिळे आणि दोर रोखीने येतील. वर्षभरात केव्हातरी द्यायचाच असेल तर तो 31 मेपूर्वी देण्याचा दंडक का घालता येऊ नये, हे मला कळलेले नाही.

किसान क्रेडिट कार्ड 2018-19 च्या अर्थसंकल्पापासून मच्छीमारांनाही लागू झाले, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. दोन्हींचे स्वागत आहे. मात्र शेतकऱ्याला पीककर्ज पेरणीआधी मिळते हे जसे गृहीत धरलेले असते, तसे आमची पेरणी जूनमध्ये असते हे बँकेच्या टेबलावर अजून पोहोचलेले नाही. माझ्या कार्डाच्या नूतनीकरणाच्या अर्जावर एका बँकेत 'नौका सध्या कार्यरत आहे काय' असा प्रश्न विचारण्यात आला, आणि बंदीच्या काळात त्याचे प्रामाणिक उत्तर 'नाही' असेच द्यावे लागले. अर्ज तीन आठवडे त्या एका शब्दावर अडकला.

करांबाबतही एक विसंगती आहे. मासेमारीच्या जाळ्यांवर वस्तू व सेवा कर 5 टक्के आहे, नवी मासेमारी नौका घेतली तर तिच्यावरही 5 टक्केच आहे. पण जुनी नौका टिकवायला जो रंग आणि जे रेझीन लागते त्यावर 18 टक्के. रंग घरालाही लागतो आणि नौकेलाही, त्यामुळे वेगळा दर ठरवणे सोपे नाही हे मी समजू शकतो. निदान तळाच्या रंगाचा विचार व्हावा, कारण तो घराच्या भिंतीला कोणी लावत नाही.

सहकारी संस्थांनी स्वतः करण्यासारखेही पुष्कळ आहे. संस्था डिझेल पुरवते, मग मे महिन्यातच सभासदांची मागणी लिहून घेऊन रंगाचे 20 लिटरचे ड्रम, खात्रीचे खिळे, ग्लँडची दोरी आणि जस्ताचे ठोकळे एकत्र का मागवू नयेत? आमच्या वाडीत यंदा सहा नौकामालकांनी तळाचा रंग एकत्र घेतला. मोठे ड्रम घेतल्याने लिटरमागे भाव उतरला, आणि उरलेला रंग वाया न जाता एका छोट्या होडीला पुरला. भांडण झाले ते फक्त ड्रम कोणाच्या पडवीत ठेवायचा यावरून.

शेवटी आपल्या वृत्तपत्राकडे एक मागणी. जुलैतल्या त्या छायाचित्राच्या जागेपैकी थोडी जागा मेच्या आणि जुलैच्या अखेरच्या पंधरवड्यांत भरतीच्या वेळांना द्यावी. नौका वर घ्यायची किंवा खाली लोटायची ती उधाणाच्या भरतीला; अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराचे ते तीन-चार दिवस चुकले की भांगाच्या भरतीला पाणी टेकूंपर्यंत येत नाही, मग क्रेन किंवा दुप्पट माणसे लावावी लागतात, नाहीतर पुढच्या उधाणापर्यंत पंधरा दिवस वाट पाहावी लागते. जुन्या माणसांना तिथीवरून वेळ काढता येते. नव्या मुलांना ती येत नाही, मोबाइलवर पाहावे तर तिथे मुंबईची वेळ मिळते. हर्णै, दाभोळ, जयगड आणि मालवण या चार ठिकाणांच्या वेळा छापल्या तरी पुरे. 1 ऑगस्ट उधाणात येतो की भांगात, हे आम्हाला जुलैच्या पहिल्या आठवड्यात कळले, तर सुताराला कोणत्या दिवशी बोलवायचे ते ठरवता येईल.

आपला विश्वासू,
एक नौकामालक
पाज पंढरी, ता. दापोली, जि. रत्नागिरी